शेजारचा खड्डा

आमच्या घरात कुणालाही विचारा, आपली जागा कुठली, तर झोपेतही सांगेल, मोरीपासून तिसरी. मला पाढे येत नव्हते तेव्हा हे येत होतं. शहराबाहेरच्या रस्त्याने निघायचं, रस्त्याखालून पाणी जायला बांधलेली मोरी लागली की मोजायचं. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी आपली. आजोबांनी ती घेतली तेव्हा त्या बाजूला कुत्रंही फिरकत नव्हतं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. आजोबा म्हणाले, मी माझ्यासाठी घेतलीच नाहीये, तुम्हाला हसायचं तेवढं हसून घ्या.

आजोबांचे नियम दोन. जागा विकायची नाही, आणि जागेचे कागद पेटीतून बाहेर काढायचे नाहीत. कागद हाताला लागले की माणसाच्या मनात विकायचं येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. बाबांनी दोन्ही नियम इमानेइतबारे पाळले. कर वेळच्या वेळी भरला, पण पेटीचं झाकण कधी उघडलं नाही. त्यांच्यानंतर मीही उघडलं नाही. आणि एवढ्या मोठ्या जागेचे मालक आम्ही, राहिलो कुठे, तर दुकानाच्या वरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत. सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचं आमचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, बाबांनी चालवलं, आता मी चालवते. दुसऱ्यांच्या बैठकी गुबगुबीत करण्यात आमच्या पिढ्या गेल्या, स्वतःच्या घरातली खुर्ची मात्र अजून डगमगते.

वर्षातून एक दिवस सफाईचा. त्या दिवशी दुकान बंद. बाबा पुढे, मागून आई, मी, धाकटा भाऊ बापू, हातात विळे, डोक्यावर टोप्या, पिशवीत डबे. कुंपणाच्या तारा ताणायच्या, खांबांना चुना फासायचा, तण उपटायचं. फाटकावर बाबांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘ही जागा खाजगी मालकीची आहे. अतिक्रमण करणाऱ्यावर कारवाई होईल.’ पाटीवरची धूळ पुसायचं काम माझं. बाबांना एकच भीती होती. कोणी बसलं तर? रात्री जेवताना पाऊस जोरात आला तरी ते म्हणायचे, जागेत कोणी बसलं नसेल ना? आई म्हणायची, एवढ्या पावसात बसून करायचंय काय त्याने, तुम्ही जेवा.

उपटलेलं तण आणि वेचलेले दगड आम्ही शेजारच्या खड्ड्यात फेकायचो. शेजारची जागा म्हणजे जागा नव्हतीच, नुसता खड्डा. रस्ता रुंद केला तेव्हा ठेकेदाराने भरावासाठी तिथलीच माती उचलली, असं लोक सांगायचे. मग कोण कुठला कचरा आणून टाकायचा, कोण मोडक्या विटा. बाबा कुंपणापाशी उभे राहून त्या खड्ड्याच्या मालकाचा उद्धार करायचे. “कोण करंटा आहे कुणास ठाऊक. जागा घ्यायची आणि वाऱ्यावर सोडायची. अशा माणसाला जमीन द्यायचीच नाही.” दरवर्षी तेच. आम्ही पोरं मागे उभी राहून त्यांच्या आधी ओठ हलवायचो.

बाबा गेले, आई गेली, सफाईचा दिवस काही चुकला नाही. माझी लेकही विळा धरायला शिकली, कुरकुर करत. आणि मग यंदा बापूने विषय काढला.

बापू बँकेतून नुकताच निवृत्त झालेला. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, आणि भावजयीचे गुडघे इतके गेलेत की जिना उतरायचा म्हणजे तिच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याला लिफ्ट असलेलं स्वतःचं घर हवं होतं. जागेसमोर, रस्त्याच्या पलीकडे, एका बिल्डरने इमारतीसाठी पाया खणायला घेतला होता, आणि त्याने बापूला आमची जागा विकता का म्हणून विचारलं होतं.

“विकायची म्हणालास तर तंगडं मोडीन,” मी म्हटलं. माझ्या तोंडात खिळे होते, एका खुर्चीचं कापड ताणत होते, तरी त्याला बरोबर ऐकू गेलं.

“तू नको विकूस ना. माझी अर्धी तरी दे. ताई, मी साठीचा झालो. ती जागा अजून कुणासाठी राखायची?”

मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी भावजयीला दवाखान्यात नेताना पाहिलं, दोघं जण तिला धरून जिना उतरवत होते. संध्याकाळी मी त्याला बोलावून सांगितलं, “तुझी अर्धी तुझी. माझ्या अर्ध्याला कोणी हात लावायचा नाही. ती लेकीला जाईल, मग तिने काय ते बघावं.” बापू एवढा खूश झाला की माझ्या डगमगत्या खुर्चीत धपकन बसला, आणि ती मोडली.

वाटणी करायची तर मोजणी हवी. मोजणीला कागद हवेत. पेटी उघडली तेव्हा मला खरोखर आजोबा मागे उभे आहेत असं वाटलं. मोजणीदार सकाळी आला, तिपाईवर यंत्र लावलं, एक डोळा मिटून बघितलं, नकाशा बघितला, परत यंत्र. मग जुना रस्ता कुठून जात होता ते विचारत लांबपर्यंत चालत गेला. मी फाटकाचं कुलूप काढून उभी. बापू बिल्डरच्या माणसाला कुंपण किती मजबूत आहे ते दाखवत होता.

मोजणीदार परत आला आणि म्हणाला, “बाई, ही तुमची नाही.”

“मग कुणाची? तुमची?”

“शेजारची तुमची आहे. तो खड्डा.”

मी त्याला बरंच काही बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा सवयीचा होता, खाली बघून ऐकत राहिला. मग मला हाताला धरून रस्त्याच्या कडेला घेऊन गेला, गवत बाजूला केलं आणि जुन्या मोरीचे दगड दाखवले. रस्ता रुंद करताना ती मोरी बुजवली होती आणि नवी बांधली होती एक प्लॉट पुढे. आजोबांनी मोजली ती जुनीपासून. आम्ही मोजत होतो नवीपासून.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजोबा जागेवर एकटे जायचे, एकटे यायचे, कुणाला सोबत नेत नसत. पुढे ते अंथरुणाला खिळले आणि त्यांनी बाबांना पाठवलं. सांगितलं एवढंच, मोरीपासून तिसरी. बाबा तेव्हा विशीतले. रस्ता त्याच सुमाराला नवा झालेला. बाबांनी मोजलं, तिसऱ्या जागेत उभे राहिले, घरी येऊन सांगितलं की जागा छान आहे, सपाट आहे. आजोबा समाधानाने डोळे मिटून पडले. पेटी उघडून नकाशा पाहिला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण पेटी उघडायची नव्हती ना.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात. आमची चांगली एका प्लॉटने सरकली होती. मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडू कधी आलं तेही कळलं नाही. बाबांनी आयुष्यभर ज्या करंट्याला शिव्या घातल्या तो करंटा ते स्वतः होते. आणि आम्ही मागे उभे राहून ओठ हलवत होतो.

बिल्डरच्या माणसाने खड्ड्यात डोकावून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि साहेबांना विचारतो म्हणून निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन लागेना.

दोन दिवसांनी बापू मला एका वकिलाकडे घेऊन गेला. वकिलाच्या खुर्च्यांचा फोम पार बसला होता, शिवण उसवलेली, मी बसल्या बसल्या बोटाने चाचपत होते. वकील हुशार माणूस. म्हणाला, काळजी करू नका, सपाट जागा तुम्हाला मिळू शकते. इतकी वर्षं उघडपणे तुमच्या ताब्यात आहे. कुंपण तुमचं, कुलूप तुमचं, पाटी तुमची. खरा मालक कधी फिरकलेला दिसत नाही. दावा लावू.

बापूचा चेहरा उजळला. खरं सांगते, माझाही उजळला. का नाही उजळणार? त्या जागेतला प्रत्येक खांब माझ्या ओळखीचा. पूर्वेकडच्या कोपऱ्यातला आईने रोवलेला, थोडा वाकडा. तिथलं तण उपटून माझ्या हातांना घट्टे पडलेत. मला ती जागा हवी होती. खड्डा नको होता.

“फक्त एक आहे,” वकील म्हणाला. “चुकून बसलो असं म्हणायचं नाही. चुकून म्हटलं की केस पडते. तुमच्या वडिलांना माहीत होतं जागा दुसऱ्याची आहे, तरी त्यांनी ती बळकावली आणि मालकाला जुमानलं नाही, असं लिहून द्यावं लागेल. तुम्ही दोघांनी सही करायची.”

“करू की,” बापू म्हणाला. “बाबा थोडेच वाचायला येणार आहेत.”

मी उठले. वकिलाला म्हटलं, खुर्च्या पाठवून द्या, फोम बदलून देते, आणि बाहेर पडले. बापू जिन्यात मागे धावत आला, “ताई, काय झालं? काय झालं ते तरी सांग.” बाबांनी आयुष्यभर एका माणसाची धास्ती घेतली होती, आपल्या जागेत येऊन बसणाऱ्या माणसाची. आता मी सही करून सांगायचं की तो माणूस म्हणजे बाबाच. मला तिथल्या तिथे कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं, आणि समोर बापू सोडून कोणी नव्हतं.

“मी आधी मालक बघणार,” मी म्हटलं. “मग बोलू.”

मालकाचं नाव-पत्ता मोजणीदाराकडून मिळाला. दुसऱ्या गावी एक बाई निघाली. निवृत्त नर्स. बसने गेले, लेकीला दुकानात बसवून. मनात म्हटलं, बंगलेवाली असावी, नखरेल असावी, म्हणजे माझं काम सोपं होईल. तर एका चाळवजा इमारतीत दोन खोल्या, भाड्याच्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि दारात भलामोठा पाण्याचा ड्रम. नर्सबाईंनी दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, “कुठे दुखतंय?”

“जागेचं बोलायला आले,” मी म्हटलं.

त्यांनी चहा ठेवला. बोलता बोलता समजलं की त्यांच्या वडिलांनी ती जागा घेतली होती आणि त्या लहान असतानाच वडील गेले. घरात दहा खाणारी तोंडं, तरी आईने जागा विकली नाही. मुलीलाही बजावून ठेवलं, ती तुझ्या बापाची आठवण आहे, धरून ठेव.

“मी एकदाच गेले होते बघायला,” नर्सबाई म्हणाल्या. “नोकरीत सुट्ट्या कुठे मिळतात हो. गेले तर इतकं सुंदर कुंपण, चुना मारलेले खांब, फाटकाला कुलूप. एक पाटीसुद्धा. मी म्हटलं, काकांनीच केलं असणार. काका म्हणायचे, मी लक्ष ठेवतो. नाहीतर आमचे काका, कधी कुणाच्या कामाला आले नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांना कधी टाकून बोलले नाही. गेले तेव्हा मनापासून रडले त्यांच्यासाठी.”

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. सांगावं की नाही असा विचार मी केला नाही. मला विचार करत बसायची सवयच नाही.

“ते तुमचे काका नव्हते,” मी म्हटलं. “ते माझे वडील.”

मग सगळं सांगितलं. मोरी, पेटी, खड्डा. वकिलाचंही सांगितलं. वकिलाचं ऐकताना नर्सबाईंचा हात पदरावर घट्ट आवळला गेला. सगळं संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “मग आता तुम्ही काय करणार?”

मी पर्स उघडली. फाटकाची किल्ली बाबांच्या दोऱ्यातच होती, माझ्या पर्समध्ये. काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. “कुलूप जरा अडतं,” मी म्हटलं. “किल्ली आत ढकलून मग फिरवायची. पूर्वेकडच्या कोपऱ्यातला खांब वाकडा आहे, तो सरळ करू नका, माझ्या आईने रोवलाय. पाटी मात्र मी घेऊन जाणार.”

त्यांनी किल्ली उचलली नाही, तिच्याकडे नुसतं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या वडिलांचं नाव सांगा.” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं चुकीच्या माणसाला दुवा देत होते मी.”

घरी परतल्यावर बापूने जे काय म्हणायचं ते म्हटलं. मी वेडी आहे, अडाणी आहे, घरच्यांपेक्षा मला लोक प्यारे आहेत. “तुझं तत्त्व, आणि जिना माझ्या बायकोने उतरायचा,” असं म्हणाला. ते मला लागलं, कारण खोटं नव्हतं. मी उलट बोलले नाही. माझ्यासारखी बाई उलट बोलली नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या बिल्डरकडे गेले. त्याने तळघरासाठी भलंमोठं खोदकाम काढलं होतं, मातीचे ढीग लागले होते आणि ट्रक ती माती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन टाकत होते. मी त्याला म्हटलं, “एवढं डिझेल कशाला जाळता? रस्ता ओलांडा आणि माझ्या खड्ड्यात टाका. पण नुसती माती. एक प्लास्टिकची पिशवी दिसली तर ट्रक परत.” तो म्हणाला, बाई, प्रत्येक ट्रक कोण बघणार? मी म्हटलं, मी बघणार. तो हसला आणि हो म्हणाला. हसायचं तेवढं हसून घे, मी मनात म्हटलं.

ट्रक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी खुंटाला ठोकलेली पाटी आणि हातोडा घेऊन जागेवर गेले. पाटी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला लेकीने रंगवलं होतं: ‘इथे चांगली माती टाकावी. कचरा नाही.’ कुंपण आता नर्सबाईंचं होतं. मी त्याच्या कडेकडेने खड्ड्यापर्यंत आले आणि तेव्हा कळलं की आजोबा सोडले तर आमच्यापैकी कोणी आपल्या जागेत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. कचरा टाकला, पाऊल नाही.

मागून रिक्षा थांबली. बापू उतरला. लेकीने सांगितलं असणार. तो काठावर येऊन उभा राहिला, हात मागे बांधून, बाबा उभे राहायचे तसाच.

“उतरू नकोस, पडशील,” तो म्हणाला. इतक्या दिवसांतलं त्याचं पहिलं वाक्य.

मी उतरले. कुंपणालगतच्या कोपऱ्यात पाय टाकला, आता खोल जाईल म्हणून जीव मुठीत धरून. गेलाच नाही. दुसरा टाकला. जमीन रस्त्यापेक्षा जेमतेम गुडघाभर खाली होती, घट्ट, काळीभोर. वाकून हाताने उकरलं तर दगडच दगड, मधे कुजून माती झालेलं तण, आणि एका मोडक्या खांबाचा तुकडा, अजून चुना लागलेला. पलीकडे विटा आणि कचऱ्यात खड्डा खोल गेला होता. हा कोपरा मात्र भरलेला होता. वर्षानुवर्षं कुंपणावरून आम्हीच भरला होता.

“बापू, खाली ये,” मी म्हटलं. “इथे पडत नाही.”

तो आला, माझ्या खांद्याला धरून. खांबाचा तुकडा त्याच्या हातात दिला. बराच वेळ त्याने तो उलटसुलट करून पाहिला. अंगठ्याने चुना घासला.

“हा मी मोडला होता,” तो म्हणाला. “लहानपणी. बाबांनी कान पिळला होता माझा, आणि तो इथे फेकून दिला होता.”

“आणि वर खड्ड्याच्या मालकाला शिव्या दिल्या होत्या.”

तो हसला. हसताना बाबांसारखा दिसतो, हे मला त्या दिवशीच दिसलं. मग त्याने खोल बाजूकडे नजर टाकली आणि हसणं थांबलं. “ताई, मधोमध रेघ मारली तर माझा अर्धा कुठला?”

मी हे घरून ठरवून आले होते. हा कोपरा भरलेला आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावरही ठरलेलं बदलावं असं काही वाटलं नाही.

“तू उभा आहेस तो,” मी म्हटलं. “ट्रक आधी तुझ्या बाजूला. तुझा भरला की वीक आणि लिफ्टचं घर घे. माझा मी मागाहून भरते.”

“पलीकडे किती खोल आहे बघितलंस? तुझ्या हयातीत भरायचा नाही तो.”

“मी कुठे माझ्यासाठी भरतेय,” मी म्हटलं. “पाटी धर सरळ.”

त्याने दोन्ही हातांनी पाटी धरली आणि मी हातोडा उचलला.